काऊबॉयचा बूट आणि त्याचा कारागीर

अमेरिकेंतील काऊबॉय आपल्याकडील शहरी माणसाला ठाऊक झाला तो चित्रपटांमुळें. रुपेरी पडद्यावर घोडे उधळतात, धूळ उडते, पिस्तुलांचे बार होतात, आणि गुत्त्याचा झुलता दरवाजा ढकलून आंत येणाऱ्या नायकाच्या पायांतील उंच टांचांचे बूट लांकडी फळ्यांवर खाड् खाड् वाजतात. ते वाजणारे बूट प्रेक्षकांच्या ध्यानांत राहतात. परंतु ते कोणीं शिवले असतील हा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं. घोडा, टोपी आणि दोर यांच्याप्रमाणेंच बूटहि काऊबॉयबरोबर जन्माला आला असावा अशी एकंदर समजूत दिसते. वस्तुतः हा बूट म्हणजे एका अत्यंत बिकट कारागिरीचें फळ असून ती कारागिरी करणाऱ्या मंडळींची एक लहानशी बिरादरी टेक्सास, ओक्लाहोमा, अरिझोना, वायोमिंग अशा प्रांतांत आजहि नांदत आहे. तिचीं हत्यारें, तिच्यांतील गुरुशिष्य आणि तिचे मेळावे हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या बुटाची घडण पाहूं. त्याला नाडी नसते, बंद नसतो, बक्कलहि नसतें. घोड्यावरून पडलेल्या स्वाराचा पाय रिकिबींत अडकला तर बिथरलेला घोडा त्याला फरफटत नेतो. अशा प्रसंगीं पाय बुटांतून सुटून यावा, बूट रिकिबींत राहिला तरी चालेल, परंतु माणूस वांचावा, अशी ही योजना आहे. टांच उंच आणि आंतल्या बाजूस कललेली असते, ती पाय रिकिबींतून आरपार पुढें जाऊं नये म्हणून. तळ गुळगुळीत असतो, तो पाय सहज आंत शिरावा आणि सहज बाहेर निघावा म्हणून. पोटरीवरील चामड्याची उंच नळी कांटेरी झुडपांपासून पायाचें रक्षण करते आणि रिकिबीचा पट्टा पोटरीला घांसूं देत नाहीं. या नळीवर रंगीत दोऱ्याच्या शिवणीच्या चार-चार, सहा-सहा समांतर रांगा असतात. पाहणाराला ती केवळ नक्षी वाटते. परंतु वरचें चामडें आणि आंतलें अस्तर यांना एकत्र बांधून नळी ताठ उभी ठेवण्याचें काम याच रांगा करतात. चवड्याच्या अणकुचीदार टोंकाचें मात्र असें नाहीं. रिकीब चटकन सांपडावी म्हणून तें निमुळतें केलें असें सांगण्यांत येतें. पण एकोणिसाव्या शतकांतील छायाचित्रें पाहिलीं तर तेव्हांच्या गुराख्यांचे बूट पुढें चांगले बोथट दिसतात. अणकुचीदार टोंकाचा खरा बोलबाला विसाव्या शतकाच्या मध्याला झाला. हौसेनें आलेल्या गोष्टीला मागाहून उपयोगाचें कारण चिकटविण्याची खोड सर्व देशांत सारखीच आहे!

या बुटाचा जन्म गुरांच्या व्यापारांतून झाला. १८६५ मध्यें अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें, तेव्हां टेक्सासांत लांब शिंगांचीं गुरें अमाप होतीं आणि गिऱ्हाईक नव्हतें. उत्तरेकडील शहरांत गिऱ्हाईक होतें आणि गुरें नव्हतीं. १८६७ सालीं कॅन्ससमधील अॅबिलीन येथें रेल्वेच्या कडेला गुरांचा बाजार उभा राहिला आणि टेक्सासांतून शेंकडों मैल कळप हांकीत नेण्याचा धंदा भरभराटला. महिनेच्या महिने खोगिरावर काढणाऱ्या या तरुणांच्या पायांत आरंभीं सैन्यांतले जुनेपुराणे बूट असत. मुक्कामाला पोंचल्यावर हातांत एकदम रोख पगार पडे, आणि त्यांतला बराचसा भाग टोपी व बूट यांवर खर्च होई. ही मागणी ओळखून वाटेवरच्या गांवांत मोची येऊन बसले. कॅन्ससमधील ओलेथा या गांवीं चार्ल्स हायर हा मुक्याबहिऱ्यांच्या शाळेंत जोडे शिवण्याचें काम शिकवीत असे. १८७५ सालीं एका गुराख्यानें त्याच्याकडे येऊन असा असा बूट करून दे म्हणून सांगितलें आणि त्यांतून पहिला काऊबॉय बूट निर्माण झाला, अशी हकीकत त्या पेढीनें जपून ठेविली होती. पहिलेपणाचा असा दावा इतरांनींहि केला आहे, तेव्हां ती अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं; परंतु गिऱ्हाइकाच्या गरजेंतून आणि कारागिराच्या हातांतून हा बूट हळूहळू घडला एवढें तींत खास खरें आहे.

१८७९ मध्यें एच. जे. जस्टिन नांवाचा तरुण टेक्सासच्या उत्तर सीमेवर, लाल नदीच्या कांठीं स्पॅनिश फोर्ट येथें दुकान मांडून बसला. कळप घेऊन उत्तरेकडे जातांना गुराख्यांनीं मापें द्यावीं आणि परत येतांना तयार बूट घेऊन जावे, असा तेथला शिरस्ता होता. पुढें रेल्वे नोकोना या गांवावरून गेली, तेव्हां १८८९ मध्यें जस्टिननें दुकान तेथें हलविलें. त्यानें व त्याच्या पत्नीनें आणखी एक युक्ति काढली. घरबसल्या आपल्या पायाचें माप कसें घ्यावें याच्या सूचना आणि मापाची फीत टपालानें पाठवावयाची, आणि त्या मापानें बूट करून टपालानेंच धाडावयाचे. मैलोन्मैल ओसाड पसरलेल्या त्या मुलुखांत ही सोय केवढी वाटली असेल याची कल्पना करतां येते. १९१८ मध्यें जस्टिन वारला. १९२५ मध्यें त्याच्या मुलांनीं धंदा फोर्ट वर्थ या मोठ्या शहरीं नेण्याचें ठरविलें. परंतु त्याची मुलगी एनिड हिनें नोकोना सोडण्याचें साफ नाकारलें. कर्ज काढून, वडिलांच्या हाताखालच्या मोजक्या कारागिरांना बरोबर घेऊन तिनें स्वतःचा कारखाना काढला, आणि भावांच्या कारखान्याशीं अनेक दशकें टक्कर दिली. १९३९ मध्यें तिनें नोकोनापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत घोडेस्वारांची शर्यतहि भरविली होती. १९९० मध्यें एनिड जस्टिन वारली. नोकोनाचा कारखाना १९९९ मध्यें बंद पडला.

या धंद्याच्या इतिहासांत दूरदूरच्या देशांचीं नांवें भेटतात. १८८३ मध्यें सॅन अँटोनिओ येथें लष्करी अधिकाऱ्यांसाठीं बूट करूं लागलेला सॅम ल्युकेसी हा सिसिलीचा. १९११ मध्यें एल पासो येथें दुकान काढणारा टोनी लामा हा इटालियन आईबापांचा मुलगा. सैन्यांत असतांना तो जोड्यांचेंच काम करीत होता. सरहद्दीवरील गांवांतून मेक्सिकन कारागिरांची तर मोठीच परंपरा आहे. एल पासोच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या लाखों बुटांमागें ज्यांचे हात होते त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोठेंहि नोंदलेलीं नाहींत. ज्याला सारें जग अस्सल अमेरिकन म्हणून ओळखतें तो बूट अशा रीतीनें परदेशांतून आलेल्या लोकांच्या मेहनतीचा आहे.

याच काळांत यंत्रानें जोड्यांचा धंदा उलटापालटा करून टाकला. १८५८ मध्यें लायमन ब्लेक यानें तळ शिवण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. वरचें चामडें फरम्यावर ताणून बसविण्याचें काम मात्र यंत्राच्या आटोक्यांत येईना. तें करणारे कुशल कारागीर दिवसाला जेमतेम पन्नास जोड करीत, आणि कारखानदारांना ते भारी होते. दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाममध्यें जन्मलेला आणि लिन येथील कारखान्यांत राबणारा यान मात्झेलिगर यानें अर्धपोटीं राहून वर्षानुवर्षें खटपट केली आणि १८८३ मध्यें तेंहि यंत्र सिद्ध केलें. त्या यंत्रावर दिवसाला दीडशेंपासून सातशेंपर्यंत जोड होऊं लागले. मात्झेलिगर स्वतः १८८९ मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, क्षयानें मरण पावला.

यंत्राच्या या लाटेला तोंड देण्यासाठीं मोच्यांनीं काय केलें तें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे, कारण पुढील हकीकतीशीं त्याचा संबंध आहे. १८६७ मध्यें मिलवॉकी येथें त्यांनीं सेंट क्रिस्पिनच्या सरदारांचा संघ स्थापिला. क्रिस्पिन हा जोडे शिवणारांचा संत. पंचवीस ऑक्टोबर हा त्याचा दिवस. हा संघ थोड्याच वर्षांत देशांतील अत्यंत मोठ्या कामगारसंघटनांत गणला जाऊं लागला. त्याच्या नियमांत एक कलम असें होतें कीं, संघाच्या परवानगीवांचून कोणाहि सभासदानें नवख्या माणसाला या धंद्याचा कोणताहि भाग शिकवूं नये. विद्या कुलुपांत ठेवली तर पोट सुरक्षित राहील, हा त्यामागील हिशेब होता. हिशेब चुकला. यंत्राला गुरु लागत नव्हता; आणि १८७० नंतरच्या दशकांतच संघ मोडला. परंतु विद्या लपवून ठेवण्याची वृत्ति मात्र या धंद्यांत आणखी शंभर वर्षें टिकली.

ही विद्या आहे तरी कशी? एका गिऱ्हाइकासाठीं एकच जोड करणाऱ्या कारागिराच्या दुकानांत काय घडतें तें पाहिल्याशिवाय तें कळणार नाहीं. गिऱ्हाईक कागदावर उभें राहतें. कारागीर पेन्सिलीनें पायाची बाह्यरेषा काढतो. नंतर चवडा, कमान, टांच, घोटा, पोटरी यांभोंवतीं फीत फिरवितो. नाडीचा बूट थोडा सैल झाला तर नाडी आंवळतां येते. येथें ती सवड नाहीं. पाय आंत जातांना अडला पाहिजे, पण गेला पाहिजे. आंत गेल्यावर कमानीवर घट्ट बसला पाहिजे, आणि चालतांना टांच किंचित उचलली गेली पाहिजे. हें गणित फितीवरच्या आंकड्यांत पुरतें येत नाहीं. माप घेतांना चांगला कारागीर हातानें पाय दाबून पाहतो; हाड कोठें आहे, मांस कोठें आहे, जुनी दुखापत कोठें आहे, हें बोटांना कळतें. मग योग्य त्या आकाराचा फरमा घेऊन त्यावर जेथें जेथें पाय जास्त भरलेला असेल तेथें चामड्याचे तुकडे चिकटवून आणि कानशीनें घांसून तो फरमा म्हणजे त्या माणसाचा पायच बनवितो. दुकानाच्या भिंतीवर असे शेंकडों फरमे जोडीजोडीनें टांगलेले असतात आणि प्रत्येकावर नांव लिहिलेलें असतें.

त्यानंतर कातडें. चवड्यावर येणारा तुकडा सपाट कापलेला असतो. तो भिजवून, वांकड्या फळीवर ताणून, खिळे ठोकून वाळूं द्यावा लागतो, तेव्हां पायाच्या कमानीचें वळण सुरकुती न पडतां त्यांत उतरतें. नळीच्या पुढच्या आणि मागच्या पाख्यांवर नक्षीची शिवण घालण्याचें काम पुष्कळ कारागीर सिंगरच्या शिंप्यांसाठीं केलेल्या जुन्या यंत्रावर करतात. सिंगर हें नांव आपल्याहि घराघरांतून परिचित आहे. मात्र तेथें त्या सुईखालीं कापडाऐवजीं चामडें जातें. चामड्यावर एकदां पडलेलें भोंक बुजत नाहीं. टांका चुकला तर उसवून पुन्हा घालावा ही सोय नाहीं. आणि डाव्या नळीवरचें फूल उजव्या नळीवरच्या फुलाशीं बरोबर जुळलें पाहिजे. कांहीं कारागीर वरच्या चामड्यांत नाजूक आकार कापून त्याखालीं दुसऱ्या रंगाचें कातडें बसवितात. त्यासाठीं कांगारूचें कातडें पुष्कळांना पसंत पडतें, कारण तें तासून कागदासारखें पातळ केलें तरी मजबूत राहतें. दोन्ही पाखे उलट बाजूनें शिवून झाल्यावर सबंध नळी मोज्यासारखी उलटावी लागते. जाड, ताठ चामड्याची ही उलथापालथ मनगटांची परीक्षाच असते.

मग बूट ओला करून फरम्यावर चढवावयाचा, पकडीनें कडा ताणून खिळ्यांनीं अडकवावयाच्या आणि वाळूं द्यावयाचा. आंतल्या तळाची, वरच्या चामड्याची आणि कडेच्या पट्टीची शिवण ही या सर्व कामाचा कणा होय. तिच्यासाठीं तागाचे अनेक धागे मांडीवर वळून, राळ आणि मेण चोळून दोरा करतात. दोऱ्याच्या दोन्ही टोंकांना रानडुकराचे केस सुईसारखे जोडण्याची जुनी रीत आहे. वांकड्या आरीनें पाडलेल्या एकाच भोंकांतून दोन्ही टोंकें विरुद्ध दिशांनीं ओढून घ्यावयाचीं आणि टांका आंवळावयाचा. टांच आणि चवडा यांच्या मधल्या भागीं तळाला आधार म्हणून पोलादाची पट्टी घालतात. टेक्सासांतील जुने कारागीर यासाठीं सहा इंची खिळा ऐरणीवर ठोकून चपटा करीत, आणि तो बाजारच्या पट्टीपेक्षां चांगला असें आजहि कित्येक मानतात. त्या भागांतील तळ खिळ्यांनीं नव्हे, तर लिंबाच्या लांकडाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक खुंट्यांनीं ठोकलेला असतो. लोखंडी खिळा गंजतो आणि चामडें खातो. लांकडी खुंटी पाणी लागलें कीं चामड्याबरोबरच फुगते आणि अधिक घट्ट बसते. चामड्याचे थरावर थर देऊन टांच चढविली, कडा तासून घांसून तापलेल्या लोखंडानें झिलई दिली, फरमा ओढून काढला, म्हणजे बूट झाला. एका साध्या जोडीला चाळीस तास सहज लागतात. नक्षी भारी असेल तर गणतीच नको.

हत्यारांविषयीं या लोकांची आस्था पाहिली म्हणजे आपल्याकडील दसऱ्याची आठवण व्हावी. आरी, रापी, पक्कड, हातोडी, कानस, कडा घांसण्याचीं लोखंडें — वरवर पाहतां सर्व साधींच. पण प्रत्येकाचें नांव, घराणें आणि इतिहास त्यांना तोंडपाठ असतो. शेफील्डच्या जॉर्ज बार्न्सली या १८३६ मध्यें स्थापन झालेल्या पेढीचा शिक्का असलेलें लोखंड, किंवा न्यू जर्सीच्या सी. एस. ऑसबोर्न या १८२६ पासूनच्या पेढीची जुनी पकड हातीं लागली कीं कारागिराचा चेहरा खुलतो. हत्यार जुनें असलें म्हणजे त्याची मूठ पूर्वीच्या मालकाच्या हाताप्रमाणें झिजलेली असते. नवा मालक आपल्या हाताला ती संवय करून घेतो. तळ शिवण्याचीं मोठीं ओतीव लोखंडाचीं यंत्रेंहि बहुधा अशींच वारशानें आलेलीं. सेंट लुई शहरांत पूर्वीं तयार झालेलीं लँडिस आणि चँपियन या नांवांचीं यंत्रें आज कोठल्या तरी बंद पडलेल्या दुकानांतून उचलून आणावयाचीं, दुसऱ्या मोडक्या यंत्राचे भाग काढून तीं चालू करावयाचीं, असा प्रकार आहे. त्यामुळें कोणी म्हातारा कारागीर वारल्याचें कळलें कीं दुःखाच्या पाठोपाठ एक व्यावहारिक काळजीहि सर्वांना लागते: त्याचें सामान जाणत्या माणसाच्या हातीं पडेल कीं भंगारांत जाईल?

सामान निदान दिसतें तरी. विद्या दिसत नाहीं. दुसरा कारागीर दुकानांत आला कीं हातांतलें काम बाजूला सारावयाचें, विशेष युक्तीचें काम पडद्याआड करावयाचें, शिकाऊ मुलाला सुद्धां सर्व कांहीं एकदम सांगावयाचें नाहीं, ही जुनी रीत होती. तिला केवळ कोतेपणा म्हणून भागणार नाहीं. यंत्रानें अर्धा धंदा गिळला होता; शेजारच्या गांवचा माणूस उरलेला गिळील ही भीति अगदींच निराधार नव्हती. पण परिणाम असा झाला कीं, मालक मेला म्हणजे मापाची एखादी खुबी किंवा दोऱ्याच्या मेणाचा पाठ त्याच्याबरोबर पुरला जाई.

शिवाय कारागीर स्वतःहि पडद्याआडच राही. चार्ली डन यांची हकीकत या दृष्टीनें बोलकी आहे. १८९८ मध्यें जन्मलेले हे गृहस्थ टेक्सासची राजधानी ऑस्टिन येथील एका खोगिरांच्या दुकानांत मागल्या बाजूस बसून वर्षानुवर्षें बूट करीत. १९७२ मध्यें जेरी जेफ वॉकर या गायकानें त्यांच्याच नांवाचें गाणें रचून ध्वनिमुद्रित केलें, आणि सत्तरी ओलांडलेला हा मोची एकाएकीं देशभर प्रसिद्ध झाला. १९७७ मध्यें डन यांनीं स्वतंत्र दुकान मांडलें आणि ली मिलर या तरुणाला जवळ बसवून शिकविलें. १९८६ मध्यें दुकान मिलर यांच्या हातीं आलें. १९९३ मध्यें डन वारले, तेव्हां त्यांच्या हातची कला ज्याला अवगत आहे असा माणूस मागें होता. गाण्यानें कीर्ति दिली खरी; पण कीर्तीपेक्षां मिलर यांच्या हातीं दुकान जाणें ही गोष्ट अधिक महत्त्वाची मानली पाहिजे.

ओक्लाहोमांतील ओकमल्गी येथें दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्यें, युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठीं धंदेशिक्षणाची शाळा निघाली. तींत बूट आणि खोगीर करण्याचा वर्गहि होता. घराण्याबाहेरच्या मुलाला ही विद्या उघड्या वर्गांत, फळ्यावर आकृति काढून मिळूं लागली, ही लहान गोष्ट नव्हे. त्यानंतर पुस्तकें आलीं. डी. डब्ल्यू. फ्रॉमर या कारागिरानें काऊबॉय बुटाच्या संपूर्ण कृतीवर पुस्तक लिहिलें. गथ्री गांवच्या लिसा सोरेल या बाईंनीं जे ग्रिफिथ या तिरसट म्हणून ख्यात असलेल्या म्हाताऱ्याच्या दुकानांत नळ्या शिवण्यापासून आरंभ केला. पुढें त्या स्वतः नामांकित बूटकार झाल्या, आणि २०१६ मध्यें त्यांनीं चामड्यांत चामडें बसविण्याच्या नाजूक कलेवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. जें पडद्याआड करीत तें आतां छायाचित्रांसह छापून निघालें आहे. एके काळीं पुरुषांच्या मानल्या गेलेल्या या धंद्यांत स्त्रिया अग्रभागीं आल्या त्यालाहि हें मोकळेपण बव्हंशीं कारण झालें असावें.

परंतु पुस्तकानें सर्व भागत नाहीं. टांका किती आंवळावा, कातडें किती ओलें असावें, हें छापतां येत नाहीं; दुसऱ्याच्या हाताकडे पाहावें लागतें. आणि आजचा बूटकार बहुधा एकटा असतो. लहानशा गांवांत त्याचें एक खोलीचें दुकान; धंद्यांतला दुसरा माणूस पाहावयाचा तर शंभर-दोनशें मैल मोटार हांकावी लागते. म्हणून मेळाव्यांचें महत्त्व. टेक्सासांत ब्राउनवुड येथें, आणि पुढें विचिटा फॉल्स येथें, बूटकार व खोगीरकार यांचा मेळावा भरत आला. वायोमिंगमधील शेरिडन या खोगिरांच्या कामासाठीं प्रसिद्ध असलेल्या गांवीं चामड्याच्या धंद्याचा बाजार भरत आला आहे. १९८० नंतरच्या दशकांत हातानें जोडे करणाऱ्या मंडळींनीं ‘ऑनरेबल कॉर्डवेनर्स कंपनी’ या नांवाचा संघहि काढला. कॉर्डवेनर हा शब्द स्पेनमधील कोर्दोबा शहरावरून आला. तेथील कातडें उत्तम, म्हणून तें वापरून नवे जोडे करणारा तो कॉर्डवेनर. जुने जोडे दुरुस्त करणारा निराळा. लंडनमध्यें पूर्वीं या दोघांच्या हद्दींवरून भांडणें होत. नव्या संघानें जुन्या श्रेणीचें नांव घेतलें, मात्र शिकविण्याची बंदी घेतली नाहीं. सेंट क्रिस्पिनच्या सरदारांनीं जें निषिद्ध ठरविलें होतें तेंच या मंडळींनीं आपलें मुख्य काम मानलें.

मेळाव्याच्या दिवशीं सभागृहांत शिरल्याबरोबर प्रथम वास येतो तो कमावलेल्या कातड्याचा. व्यापाऱ्यांनीं गाईचीं, बकऱ्याचीं, शहामृगाचीं, मगरीचीं कातडीं पसरून ठेविलेलीं असतात, आणि त्यांभोंवतीं कारागीर तीं बोटांनीं दुमडून, कडेला नाक लावून पाहात असतात. एकीकडे कोणी दोरा वळून दाखवीत असतो, कोणी फळीवर चामडें ताणून दाखवीत असतो. भोंवतीं दहापांच माणसें वांकून उभीं. त्यांत पन्नाशीला नोकरी सोडून या धंद्यांत पडलेला गृहस्थ असतो, आणि तीन पिढ्यांचा बूटकारहि असतो. प्रश्न दोघेहि विचारतात. बुटांची स्पर्धा होते तेव्हां मात्र वातावरण गंभीर बनतें. परीक्षक बूट उचलून नळीची कडेची शिवण सरळ आहे कीं नाहीं तें पाहतो, डावा-उजवा शेजारीं ठेवून नक्षी ताडून पाहतो, तळाचे टांके न्याहाळतो, आणि शेवटीं हात कोपरापर्यंत आंत घालून एखाद्या खुंटीचें टोंक घांसावयाचें राहिलें आहे काय तें चांचपतो. गिऱ्हाइकाला यांतलें बहुतेक कांहीं कळणार नसतें. परंतु बरोबरीच्या माणसांनीं बूट उलटा करून पाहावा आणि कांहीं न बोलतां मान हलवावी, यासाठीं वर्षभर एकट्यानें काम केलेलें असतें.

पैशाची बाजू फारशी उजळ नाहीं. अशा जोडीला हजारों डॉलर पडतात आणि गिऱ्हाइकाला महिनेच्या महिने, कधीं वर्षावर थांबावें लागतें हें खरें. पण तासांचा हिशेब केला तर त्यांत श्रीमंत होण्याजोगें कांहीं उरत नाहीं. हाताखालीं उमेदवार ठेवावा तर तो शिके तोंपर्यंत त्याला पगार कोठून द्यावा, हा प्रश्न प्रत्येक दुकानांत आहे. ‘हातकाम’ या शब्दाभोंवतीं वर्तमानपत्रांतून जी गोडगोड भाषा चालते तींत हा हिशेब सहसा येत नाहीं. मेळाव्यांत मात्र संध्याकाळच्या जेवणाच्या वेळीं बोलणें निघतें तें बहुधा यावरच: किंमत किती सांगावी, उशीर झालेल्या गिऱ्हाइकाला काय लिहावें, खांदे दुखूं लागले म्हणजे शिवण्याची बैठक कशी बदलावी.

सभागृहाच्या एका कडेला जुन्या सामानाचीं टेबलें मांडलेलीं असतात. कोणाची विधवा, कोणाचा मुलगा बंद झालेल्या दुकानांतील चीजवस्तु घेऊन आलेला असतो. आऱ्या एका डब्यांत, हातोड्या दुसऱ्यांत, आणि जमिनीवर खोक्यांतून फरमे. कित्येकांवर पूर्वीच्या कारागिरानें चिकटविलेले चामड्याचे तुकडे तसेच असतात: येथें कोणाचा तरी सुजलेला सांधा, येथें कोणाची उंच कमान, आणि बाजूला पेन्सिलीनें लिहिलेलें, निम्में पुसलेलें नांव. एखादा तरुण बूटकार त्यांतली जोडी उचलतो, दोन्ही हातांत फिरवितो, तुकडा कोठून कोठपर्यंत तासला आहे त्यावरून अंगठा नेतो, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारतो कीं येथें इतका उतार कशासाठीं दिला असेल. म्हातारा चष्मा काढून फरमा डोळ्यांशीं नेतो आणि सांगूं लागतो.